शेजारचा लक्षाधीश आखातात

गणेशोत्सवात आरती संपून प्रसादाची रांग लागली की दरवर्षी एक गंमत दिसते. रांगेत उभ्या उभ्या पैठण्या, कुर्ते आणि मनगटी घड्याळे यांची नजरेनेच मोजदाद होते. त्याच रांगेत हळू आवाजात दुसरी मोजदादही चालू असते. "अजून किती वर्षं काढणार?" "पंचेचाळिशीला सोडायचं ठरवलंय. आकडा झाला की थेट पुणे." पैठणी नेसलेली बाई आणि आकडा मोजणारी बाई बहुधा एकच असते. निदान माझ्या बाबतीत ती एकच होती.

ज्या पुस्तकांनी आपल्यापैकी अनेकांना या आकड्याच्या नादी लावले त्यांत थॉमस स्टॅन्ली आणि विल्यम डँको यांच्या 'द मिलियनेअर नेक्स्ट डोअर'चा मान मोठा आहे. १९९६ साली अमेरिकेत निघालेले हे पुस्तक आमच्या घरी एका मैत्रिणीकडून आले आणि पुढे बारा वर्षे मी ते पोथीसारखे पाळले. अलीकडे ते पुन्हा वाचले तेव्हा मात्र काही ठिकाणी अडखळायला झाले. ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी पुस्तकाचे श्रेय पुस्तकाला देऊ. लेखकांनी अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या मुलाखती घेतल्या, प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि काढलेला निष्कर्ष साधा होता. श्रीमंत दिसणारे पुष्कळदा श्रीमंत नसतात, आणि खरे श्रीमंत साध्या वस्तीत, साध्या गाडीतून फिरत असतात. एका प्रसंगात लेखकांनी कोट्यधीशांसाठी उंची मद्य आणि महागडे खाद्यपदार्थ मांडले, तर पाहुण्यांनी नुसती बिस्किटे खाल्ली! त्यांच्या पाहणीतल्या निम्म्या लक्षाधीशांनी आयुष्यात एका सुटाला ३९९ डॉलरपेक्षा जास्त पैसे मोजलेले नव्हते. मॉलमध्ये राहायला आल्यासारखे आयुष्य असलेल्या या शहरांत हे वाचून मनाला मोठा धीर येतो. क्रेडिट कार्डाच्या पहिल्या मोहातून या पुस्तकाने मला वाचवले, हे मी प्रांजळपणे कबूल करते.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिली गोष्ट गणिताची. आपल्याकडे किती संपत्ती असायला हवी याचे पुस्तकात एक सूत्र आहे : वय गुणिले वर्षाचे उत्पन्न, भागिले दहा. वारशाने आलेले त्यात धरायचे नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या, वर्षाला ३ लाख दिरहॅम मिळवणाऱ्या माणसाला ते लावा. उत्तर येते १३ लाख २० हजार. हा माणूस छत्तिसाव्या वर्षी बी-बियाणे नसल्यासारखा रिकाम्या हाताने इथे आला असेल, तर त्याने आठ वर्षे दरसाल १ लाख ६५ हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त पगार, बाजूला टाकायला हवा. भारतातली आधीची वर्षे त्याने रुपयांतल्या पगारावर काढली, हे सूत्राला ठाऊकच नाही. इंजिनिअर माणसाने कुठलेही सूत्र वापरण्यापूर्वी ते कुठल्या परिस्थितीसाठी बसवले आहे हे पाहायचे असते. मी स्वतः पीएच.डी.साठी पाच वर्षे हेच केले, आणि घरच्या हिशेबात नेमकी तेच विसरले.

दुसरी गोष्ट नमुन्याची. लेखकांनी जे लक्षाधीश झाले त्यांनाच विचारले. तशीच काटकसर करून जे झाले नाहीत, त्यांना विचारायला कोणी गेले नाही. नसीम तालेब यांनी २००१ च्या 'फूल्ड बाय रँडमनेस' या पुस्तकात याच मुद्द्यावर या पुस्तकाला धरले आहे. आक्षेप बिनतोड आहे.

तिसरी गोष्ट जागेची, आणि आपल्या दृष्टीने ती जास्त महत्त्वाची. पुस्तकातले काम करणारे लक्षाधीश तीनांपैकी दोन या प्रमाणात स्वतःचा धंदा करणारे आहेत, आणि निम्मे लोक वीस वर्षांहून अधिक काळ त्याच घरात राहिलेले. असा माणूस विटक्या शर्टात दुकानात बसला तरी त्याला कोण विचारणार? आपण नोकरदार. आपले इथले राहणे त्या नोकरीला बांधलेले. नोकरी गेली की पूर्वी साधारण ३० दिवसांत नवी शोधायची किंवा निघायचे. २०२२ नंतर ही मुदत वर्गाप्रमाणे वाढली, पण घड्याळ लागते ते लागतेच. अशा ठिकाणी मीटिंगला चुरगळलेल्या कपड्यांत जाणे ही काटकसर होत नाही, ती जोखीम होते. करामातल्या लाँड्रीला दिलेले पैसे मी कधीच उधळपट्टीत धरले नाहीत.

खरे तर आपल्या पगारालाही इस्त्री केलेली असते. आकडा भरघोस दिसतो, पण त्यातला मूळ पगार पुष्कळदा लहान आणि बाकीचे भत्ते. ग्रॅच्युइटी मोजली जाते ती मूळ पगारावर : पहिली पाच वर्षे वर्षाला २१ दिवसांची, पुढे ३० दिवसांची, आणि सगळी मिळून दोन वर्षांच्या पगाराहून जास्त नाही. निवृत्तांचा व्हिसा पंचावन्नच्या पुढच्यांसाठी. पंचेचाळिशीत काम सोडणाऱ्याला इथे राहायचे तर २० लाख दिरहॅमची मालमत्ता घेऊन गोल्डन व्हिसा मिळवण्यासारखे काहीतरी करावे लागते. पुस्तकातला माणूस निवृत्त होऊन आपल्याच अंगणात खुर्ची टाकतो. आपण निवृत्त होतो म्हणजे बिऱ्हाड हलवतो. मग ज्या गावी जायचे तिथल्या माणसांशी मधल्या वर्षांत आपण कसे वागलो, हाही निवृत्तीच्या शिलकीचा भाग ठरतो. पुस्तकात त्याला रकाना नाही.

हा रकाना मला दिसला तो एका मल्याळी चित्रपटात. सलीम अहमद यांच्या 'पत्तेमारी'ला (२०१५) मल्याळीतल्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मामुट्टींनी त्यात नारायणनचे काम केले आहे. हा माणूस गलबतातून आखातात येतो, दाटीवाटीच्या खोलीत एका खाटेवर आयुष्य काढतो, आणि घरी पैसे पाठवत राहतो. गावाला तो श्रीमंत वाटतो. शेवटी घरी पोहोचतो तो त्याचा देह. चित्रपट पाहताना प्रथम वाटले, आपण संगणकावर काम करणारी माणसे, आपला याच्याशी काय संबंध? मग लक्षात आले की नारायणनने घरच्यांपासून गरिबी लपवली, आणि मी शिल्लक लपवली. दोघांच्याही घरच्यांना खरे काही माहीत नव्हते.

आमच्या घरी हे उघड झाले ते दोन वर्षांपूर्वी. सातवीतल्या मुलीच्या दप्तरात शाळेच्या सहलीचे पत्र सापडले; पैसे भरायची तारीख उलटून गेली होती. विचारले तर म्हणाली, "आई, आपल्याकडे नसतील असं वाटलं, म्हणून दिलंच नाही." त्या पोरीने वर्षानुवर्षे आईबाबांना एसी बंद करताना, सेलच्या चिठ्ठ्या जमवताना पाहिले होते. कशासाठी ते कोणी सांगितले नव्हते. तिने आपल्या परीने अर्थ लावला होता.

त्याच महिन्यात सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला. घराच्या छपराचे काम काढायचे होते. मी म्हटले, "सध्या जमणार नाही रे." तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला काय कमी आहे?" दिवाळीचे आमचे फोटो त्याने पाहिले होते. मुलीच्या लेखी आम्ही गरीब, भावाच्या लेखी आम्ही गडगंज आणि वर चिकट. खरा आकडा माझ्या संगणकातल्या एका तक्त्यात होता.

भावाला नाही म्हणताना मला पुस्तकाचाच आधार होता. कमावत्या वयाच्या मुलांना आईवडिलांनी पैसे पुरवत राहिले की ती आणखी परावलंबी होतात, असे सांगणारा एक भाग त्यात आहे. तो मी भावाला लावून मोकळी झाले. पण वडिलांची औषधे, डॉक्टर, रात्री-अपरात्रीची उठाठेव हे सारे तो आणि त्याची बायको करतात. मी ज्या वर्षांत साठवत होते त्या वर्षांत माझ्या वाटणीचे काम ती दोघे करत होती, आणि माझ्या तक्त्यात त्याची एक ओळही नव्हती. पुस्तकातही एक बायको आहे. नवरा तिला ऐंशी लाख डॉलरचे शेअर देतो, ती आभार मानते आणि पुन्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कूपने कापू लागते. लेखकांना तिचे कौतुक आहे. पूर्वी मलाही होते. आता वाटते, साठवणाऱ्याच्या मागे बिनपगारी राबणारे कोणीतरी असतेच. त्याला आपण नुसते कौतुक देऊन भागवतो.

त्यानंतर आम्ही फार मोठे काही केले नाही. एका शुक्रवारी रात्री मुलीला शेजारी बसवून तक्ता दाखवला. तिने पहिला प्रश्न विचारला, "मग आजोबांचं कुठं लिहिलंय?" मग ती ओळ घातली. भावाला फोन करून खरा आकडा सांगितला, छपराचे पैसे पाठवले, आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. आमची तारीख तीन वर्षे पुढे गेली. माझ्या नवऱ्याला ते अजून थोडे जड जाते. भाऊही पूर्वीसारखा मोकळा बोलू लागला आहे असे म्हणणे खोटे ठरेल, पण वडिलांच्या तपासणीचे कागद आता तो आपणहून पाठवतो.

हे पुस्तक वाचू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. नव्याने आलेल्या तरुण जोडप्यांनी तर पहिल्या पगाराच्या आधी वाचावे. फक्त वाचताना हे ध्यानात असू द्या की ते दुसऱ्या मुलुखातल्या, आपल्या गावात रुजलेल्या माणसांविषयी आहे. कपड्यांची इस्त्री आणि पैठणीची घडी खुशाल सांभाळा. इथल्या नोकरीला आणि सणाला ती लागते. पण ज्यांच्या जिवावर आपण साठवतो, त्या घरच्यांना तरी आकडा खरा सांगा, आणि त्यांचा वाटा त्यात लिहा. यंदाच्या गणेशोत्सवात मी तीच जुनी पैठणी नेसणार आहे. कोणी "किती वर्षं अजून?" विचारलेच, तर उत्तर माझ्या मुलीलाही पाठ आहे.