‘ब्लिंक’चा पाठ आणि विहिरीचें पाणी

घरांतील खेळणीं व लहानसहान यंत्रें यांस हौसेनें आज्ञा लिहून देण्याचा छंद आतां शाळकरी मुलांपर्यंत पोंचला आहे. परंतु त्याच्या वाङ्मयाचें परीक्षण करावयास कोणी टीकाकार पुढें येत नाहीं. वाङ्मय हा शब्द वाचून कांहीं वाचक हंसतील. पण आज्ञावली लिहिली जाते, वाचली जाते, एकाची दुसरा उतरून घेतो व तींत पदरचें घालतो; मग तिनेंच टीकेच्या कक्षेबाहेर कां राहावें?

ह्या छंदाचा श्रीगणेशा बहुधा ‘ब्लिंक’ नांवाच्या आज्ञावलीनें होतो. २००५ सालीं इटलींतील इव्रेआ येथें आर्डुइनो ही स्वस्त विद्युत्-पट्टी जन्मास आली व कर्त्यांनीं तिची रचना सर्वांस खुली ठेविली. तिजबरोबर येणाऱ्या उदाहरणांतील हा पहिला पाठ. दिवा एक सेकंद लावावा, एक सेकंद विझवावा, आणि वीज आहे तोंवर हेंच करीत राहावें, एवढाच मजकूर. एकहि आज्ञा फाजील नाहीं. मुलानें त्यांतील हजाराचा आंकडा दोनशें केला कीं दिवा लुकलुकूं लागतो, आणि यंत्र आपलें ऐकतें हें त्यास त्याच क्षणीं उमगतें. जाडजूड क्रमिक पुस्तकांस हा आनंद देतां आलेला नाहीं.

तथापि ह्या पाठांत सांगणें आहे, पाहणें नाहीं. पुढील पाठांत भिंत चुकविणारी गाडी येते, टाळी वाजतांच लागणारा दिवा येतो. पण आंकडा पुस्तकानें दिलेला आणि प्रश्नहि पुस्तकाचाच. आमचा आक्षेप आहे तो येथें.

सहावी ते बारावीच्या मुलांसाठीं शाळांतून अटल टिंकरिंग लॅब काढण्याची योजना नीति आयोगानें २०१६ सालीं सुरू केली. एकेका शाळेस वीस लाखांपर्यंत अनुदान ठरलें. २०१८ सालीं आकांक्षित जिल्ह्यांच्या यादींत उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, आलें. समजा, भूम किंवा कळंबकडील एक मुलगा ‘ब्लिंक’ शिकून घरीं आला. शेतांत विहिरीवरची मोटर त्याची वाटच पाहत आहे. शेतीची लाइट पुष्कळदां रात्रींची; म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसवितात, लाइट येतांच मोटर आपोआप चालू होते. अंधारांतली खेप वांचली खरी, पण विहीर तळाला गेली असली तर मोटर कोरडी चालून जळते. पाणी संपलें म्हणजे मोटरवरील भार उतरतो व ती वीज कमी ओढते. तेवढें ओळखून मोटर बंद करणारी पेटी बाजारांत मिळते.

पण बंद केलेली मोटर पुन्हां चालू करावयाची केव्हां? आपल्याकडील काळ्या पाषाणांत पाणी भेगांतून झिरपत येतें. एका विहिरीस दोन तासांत उपसण्याजोगें पाणी चढतें, शेजारच्या विहिरीस पहांट होते; कार्तिकांतला हिशेब चैत्रांत लागू पडत नाहीं. हा आंकडा इव्रेआच्या कर्त्यांस ठाऊक नाहीं, पेटी विकणाऱ्या दुकानदारास नाहीं, मास्तरांसहि नाहीं. तो त्या मुलाच्या बापास ठाऊक आहे. आज्ञावलींत तो घालावयाचा तर मुलास बापाजवळ बसावें लागेल, आणि आजवर अडाणी ठरलेल्या माणसाचें ज्ञान यंत्राच्या मजकुरांत शिरेल. (तीन फेजच्या तारेस मुलानें हात लावूं नये, तें काम वायरमनचें.)

असें पूर्वीं कोठें झालेंच नाहीं असें नव्हे. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. तेथें २००२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी.च्या साह्यानें ‘फॅब लॅब’ उभी राहिली, आणि दुधाची प्रत व डिझेल इंजिनाची चाल तपासणाऱ्या साधनांवर काम झालें. तेथें गरज आधीं आली व पाठ मागून.

भाषेविषयीं दोन शब्द. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘पायथन’ भाषेंत मूल्यांस देवनागरी नांवें देतां येतात. आज्ञा मात्र इंग्रजींतच राहतात. म्हणजे वरील आंकड्यास ‘झरा’ असें नांव देण्यास आडकाठी नाहीं. आमच्या पाहण्यांत आलेल्या मराठी पुस्तिकांस हें सुचलेलें नाहीं. थांबण्याच्या आज्ञेचा अर्थ त्या ‘विलंब’ असा देतात. मोटरीजवळ उभा असलेला माणूस ‘थांब’ म्हणतो. विलंब सरकारी कामास होतो.

‘ब्लिंक’मधील सेकंद बदलून पाहिल्यावर दुसऱ्या पाठासाठीं मुलास, वडील माणूस बरोबर देऊन, दोरी व घड्याळ घेऊन विहिरीवर पाठवावें. उपसा थांबल्यापासून पाणी हातभर चढावयास किती वेळ लागतो, तें त्यानें वहींत लिहून आणावें. अशा पाठांची पुस्तिका कोणी लिहिल्यास तिचा परामर्श आम्ही आनंदानें घेऊं.