स्थिर म्हणजे नेमके काय?

नांदेड-लातूरकडच्या शाळांत संगणक आले तेव्हा भारनियमन सोबतीला होतेच. चालू तासाला वीज जायची. संगणक लिनक्सवर चालणारा असेल, तर वीज परतल्यावर तो आधी सारी डिस्क तपासत बसे. कारण त्या वेळच्या ईएक्सटी-२ या फाइलरचनेत लेखन कोठे अर्धवट राहिले याची नोंदच नसे. ईएक्सटी-३ ने ती उणीव भरून काढली. चोख दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो, मग खातेवहीत उतरवतो. तसे ही रचना आपल्यातील बदल आधी नोंदवहीत लिहिते. वीज गेली तरी नोंदवहीतील शेवटच्या नोंदी पाहिल्या की काम भागते.

ही सुधारणा लिनक्सच्या अधिकृत गाभ्यात आली नोव्हेंबर २००१ मध्ये, २.४.१५ या आवृत्तीतून. आणि गंमत पाहा, त्याच आवृत्तीत असा एक दोष राहिला होता की संगणक रीतसर बंद करतानाही डिस्कवरील मजकूर बिघडू शके! दोष ईएक्सटी-३ चा नव्हता. पण तीन दिवसांत २.४.१६ काढावी लागली.

लिनक्समध्ये तेव्हा एक संकेत होता: दुसरा आकडा सम असेल तर मालिका स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची. २.४ स्थिर म्हणून जाहीर झाली जानेवारी २००१ मध्ये. तरी सप्टेंबरात २.४.१० मध्ये स्मृती-व्यवस्थापनाचा भागच बदलला गेला. लिनस टोरवाल्ड्सच्या उतावळेपणावर याचे खापर फोडणे सोपे आहे. माझ्या मते खरी चूक व्यवस्थेची होती. प्रयोगाची २.५ मालिका उघडायलाच नोव्हेंबर उजाडला. तोवर नव्या कामाला दुसरी जागा नव्हती. ते स्थिर घरातच शिरले. पुढे २.६ यायला डिसेंबर २००३ उजाडला आणि २००४ पासून सम-विषमाचा संकेत मोडीत निघाला. आता दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, आणि त्यांतल्या काही निवडक आवृत्त्यांची अनेक वर्षे देखभाल होते.

डेबियनने दुसरे टोक गाठले. जुलै २००२ मधील 'वूडी'नंतरची स्थिर आवृत्ती, 'सार्ज', आली जून २००५ मध्ये. वूडी बसवताना नेहमीचा पर्याय २.२ मालिकेच्या गाभ्याचा. मधल्या काळात बाजारात आलेल्या सॅटा डिस्क त्याला ओळखताच येत नसत. आज्ञावली निर्दोष, पण नव्या यंत्रावर बसेना. याला स्थिरता म्हणायचे का?

येथे दोन अर्थांची गल्लत होते. एक, संगणक बंद न पडणे. दुसरा, शिकवलेले न बदलणे. कार्यकर्ते पहिल्याचा हिशोब ठेवतात. शिक्षकाला दुसरा हवा असतो: जूनमध्ये फळ्यावर काढलेला मेनू मार्चच्या परीक्षेतही तिथेच सापडला पाहिजे. या बाबतीत डेबियनचा हट्टीपणा मला आवडतो. स्थिर आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या होतात, पण सहसा नवे काही येत नाही. आता आवृत्त्या सुमारे दोन वर्षांनी येतात आणि दीर्घकालीन देखभाल धरून पाच वर्षे चालतात. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणालीही डेबियनवरच उभी आहे.

तरीही ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ ने ३२-बिटी संगणकांसाठी गाभा आणि स्थापनासंच देणे बंद केले. आवृत्ती १२ ची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. शाळेच्या खोलीतील यंत्रे किती बिटी आहेत, हे त्याआधी पाहून ठेवावे लागेल.