चंपूंतील साक्ष

इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वीं भोसल्यांचें कुळ उदेपूरच्या शिसोदियांस नेऊन भिडविणारी वंशावळ पुढें आली. ती बाळाजी आवजींनीं प्रसंगापुरती बनविली, असा ठपका जदुनाथ सरकारांनीं ठेविला. गादीसाठीं पूर्वज शोधले, असा त्याचा अर्थ.

या ठपक्यास सर्वांत भक्कम उत्तर एका काव्यांत आहे. जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनीं १९२२ सालीं दीर्घ प्रस्तावनेसह छापला. जयराम हा शहाजीराजांच्या पदरचा कवि; आणि तो आपल्या धन्यास राण्याच्या कुळांतील दलीपाचा वंशज म्हणतो. शहाजीराजे १६६४ त वारले. तेव्हां ही समजूत राज्याभिषेकाच्या निदान दहा वर्षें आधींची ठरते; ती १६७४ त जन्मली, असें यापुढें कोणास म्हणतां येणार नाहीं.

पण येथें थांबावें. राजवाड्यांनीं धुळ्यास देह ठेविला, १९२७ त तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. त्यामुळें आम्हां खानदेशकरांस त्यांनीं छापिलेलें अक्षर म्हणजे निकालपत्र वाटतें! जयरामाचा ग्रंथ स्तुतिकाव्य आहे, हें विसरून कसें चालेल? धुळें-जळगांवाकडील एखाद्या देशमुखाची वंशावळ घ्या. वतनाच्या तंट्यांत ती पुढें येते तेव्हां तिच्या खालच्या तीन-चार पिढ्या बहुधा विश्वसनीय असतात. कारण समोर भाऊबंद उभा असतो, आणि एक आजा खोटा निघाला तर हिस्सा त्याच्या घरीं जाणार असतो. त्यावरच्या पिढ्यांस असा पहारेकरी नसतो. दरबारांतील कवीस तर तो मुळींच नसतो. धन्याचें कुळ उंच दाखविल्यानें त्याचें कोणतेंच शेत बुडत नाहीं. म्हणून कालनिर्णयास जयराम उत्तम साक्षीदार, रक्तसंबंधास मात्र दुबळा.

दलीपापासून मालोजीपर्यंतच्या पिढ्या जोडावयाच्या तर तारखेचे कागद हवेत. असे कागद म्हणून मुधोळकर घोरपड्यांचीं फारसी फर्मानें दाखविण्यांत येतात. दत्तोपंत आपट्यांनीं त्या घराण्याचा इतिहास १९३४ त लिहिला. त्या परंपरेंतही दिलीपसिंहाचें नांव आहे. पण फर्मानांच्या अस्सलपणाविषयींच विद्वानांत वाद आहे. तो मिटेपर्यंत एका नांवाच्या जुळणीनें हुरळून जाऊं नये. दोन साक्षीदार एकमेकांस न भेटतां बोलले आहेत, एवढें तरी आधीं दाखविलें पाहिजे.