'मॉरिस'मधील क्लाइव्ह डरॅम

ई. एम. फॉर्स्टर यांची 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली गेली आणि लेखकाच्या निधनानंतर, १९७१ मध्ये, प्रसिद्ध झाली. समीक्षक बहुधा मॉरिस व अ‍ॅलेक यांच्या सुखान्त मीलनावरच थांबतात. मला क्लाइव्ह डरॅम अधिक विचारणीय वाटतो.

केंब्रिजमध्ये मॉरिसला आपल्या वृत्तीची ओळख करून देणारा हाच. पुढे ग्रीसच्या प्रवासात त्याचे मन एकाएकी स्त्रियांकडे वळते. तो अ‍ॅनशी विवाह करतो, पेंजची जमीनदारी सांभाळतो व पार्लमेंटच्या उमेदवारीपायी मतदारसंघात हिंडू लागतो. हे स्थित्यंतर लेखक सांगतो, घडवीत नाही. कादंबरीतील हा सर्वांत कच्चा दुवा होय. तथापि क्लाइव्हला केवळ दांभिक ठरविणे अन्यायाचे होईल. १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधील असे संबंध एकांतातही दंडनीय ठरले होते. ऑस्कर वाइल्ड यांना १८९५ मध्ये झालेली दोन वर्षांची सक्तमजुरी त्या पिढीच्या स्मरणात होती. मॉरिसला शेअरदलाली सोडता येते. ज्याला मते मागावयाची आहेत त्याने काय सोडावे?

अखेरीस मॉरिसची कबुली ऐकून क्लाइव्ह घरात परततो तो मुद्रिते तपासावयास आणि पत्नीपासून सत्य लपविण्याची युक्ती योजावयास. दोन्ही कामे लेखकाने एकाच सुरात सांगितली आहेत. उपरोध उघड आहे. पण हस्तलिखित निवडक स्नेह्यांनाच दाखविणाऱ्या आणि १९६७ मध्ये इंग्लंडातील कायदा शिथिल झाल्यावरही ते अप्रकाशित ठेवणाऱ्या फॉर्स्टर यांचे क्लाइव्हशी असलेले नाते त्या उपरोधाने झाकले जात नाही.