कर्म, धर्म आणि धम्म : ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील कर्मविचाराची चिकित्सा

प्रस्तावना :
हिंदू आणि बौद्ध परंपरांत ‘कर्म’ व ‘धर्म’ या संकल्पना मध्यवर्ती आहेत. शब्द समान असले तरी त्यांचा आशय समान नाही. हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात ठळकपणे मांडला. त्यातील कर्मविचार पाली साहित्याशी ताडून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन परंपरांतील आशय :
वैदिक कर्मकांडात कर्म म्हणजे प्रामुख्याने यज्ञविधी होय. पुढे छांदोग्योपनिषदात सदाचरणाने ब्राह्मणादी योनी, तर दुराचरणाने श्वान, सूकर वा चांडाळ योनी प्राप्त होते, असे प्रतिपादन येते. येथे समाजातील स्थान हेच पूर्वकर्माचे फळ ठरते. भगवद्गीतेने फलासक्तीचा त्याग शिकवून कर्माला आंतरिक उंची दिली. परंतु कर्तव्य कोणते, याचे उत्तर वर्णानुसार नियत स्वधर्मात शोधले. बुद्धांनी मात्र कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत पाहिले. त्यामुळे एकच शील सर्वांना लागू झाले आणि धम्म वर्णकर्तव्यापासून मुक्त झाला.

आंबेडकरांची मांडणी व तिची चिकित्सा :
आत्मा नसेल तर कर्म व पुनर्जन्म कसे संभवतात, हा प्रश्न आंबेडकर ग्रंथाच्या प्रास्ताविकातच उपस्थित करतात. त्यांच्या मते कर्मनियम जगातील नैतिक व्यवस्था राखतो. पूर्वजन्मीच्या कर्माने वर्तमान स्थिती ठरते, हा सिद्धांत बुद्धांचा नव्हे. बुद्धवचनांच्या मौखिक जतनात, विशेषतः कर्म व पुनर्जन्म यांबाबत, विपर्यास झाल्याचे ते सांगतात.

या मांडणीपुढे एक अडचण आहे. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंगसुत्तात दारिद्र्य व हीन कुळातील जन्म यांचा संबंध पूर्वकर्माशी जोडलेला आढळतो. उलटपक्षी, संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात पित्त, कफ, वात, ऋतुबदल इत्यादी कारणे सांगून सर्व वेदना पूर्वकर्मजन्य असल्याचे मत नाकारले आहे. मात्र तेथे ‘सर्व’ या शब्दाचा निषेध आहे, पूर्वकर्माचा नाही. म्हणजेच आंबेडकरांना पाली साहित्यात आधार मिळतो, परंतु तो पूर्ण नाही.

निष्कर्ष :
आंबेडकरांचे विवेचन केवळ पाठनिष्ठ इतिहास म्हणून वाचल्यास अपुरे ठरते. तथापि त्यांनी आपला निकष लपविलेला नाही : जे बुद्धिसंगत व मानवाच्या कल्याणाशी निगडित, तेच बुद्धांचे. या निकषामागे सामाजिक अनुभव आहे. अस्पृश्याचे दुःख त्याच्याच पूर्वजन्माचे फळ मानले, तर अन्यायाला कर्ताच उरत नाही आणि दाद मागण्यास जागाही राहत नाही. कर्म चेतनेशी जोडल्यास जबाबदारी आज अन्याय करणाऱ्यावर येते. हा विचार पाली परंपरेत बीजरूपाने होता. त्याला सामाजिक न्यायाचे अधिष्ठान देणे, हे आंबेडकरांचे मौलिक योगदान होय.