स्वीकाराचे व्याकरण

पेण-रोहा परिसर मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांतात मोडतो. कलम ३७७ कायम राखणाऱ्या, पुढे २०१८ मध्ये फिरवल्या गेलेल्या २०१३ च्या निकालानंतर तेथील तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना चर्च गुन्हेगार मानत नाही असे सांगितले. समलिंगी विवाहाला मात्र विरोध केला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही हेच द्वैत आढळते: व्यक्तीला आदर, संबंधाला नकार. या दोन्ही संहितांत समलिंगी माणूस तृतीय पुरुषातच उरतो. त्याच्याविषयी बोलले जाते. याउलट मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने, विशेषतः प्रॉटेस्टंट परंपरेने, बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’पासून स्वकीयांपासून तुटलेल्या ‘मी’ची साक्ष प्रमाण मानली. समावेशाची खरी कसोटी तीच आहे. पेण-रोह्यातील समलिंगी भाविकाची प्रथमपुरुषी साक्ष मंडळी ऐकून घेईपर्यंत हा स्वीकार व्याकरणदृष्ट्या अपुराच राहील.