क्षमेच्या आड गेलेली बहीण

‘फरगिव्हिंग डॉ. मेंगेले’ हा बॉब हर्क्युलीस आणि चेरी प्यू यांचा २००६ सालचा माहितीपट आम्ही चार कुटुंबांनी एका रविवारी एकत्र बसून पाहिला. नंतर चहा गार होईपर्यंत वाद झाला, आणि तोही एकाच प्रश्नावर: इव्हा कोर या बाईंनी मेंगेलेला क्षमा केली ते बरोबर की चूक? या प्रश्नात आम्हाला अडकवलं ते चित्रपटानेच, अशी माझी तक्रार आहे.

इव्हा आणि मिरियम मोझेस या ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका खेड्यातल्या जुळ्या बहिणी. मे १९४४ मध्ये आउशविट्झला उतरल्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. आईवडील आणि दोन मोठ्या बहिणी तिथेच संपल्या. या दोघी उरल्या, कारण मेंगेलेला प्रयोगांसाठी जुळी मुलं हवी होती. १९५० साली दोघी मिळून इस्रायलला गेल्या. १९६० मध्ये इव्हा लग्न करून इंडियानातल्या टेरा होट गावी आली. मिरियम तिकडेच राहिली.

इथून पुढची गोष्ट खरी आपल्या ओळखीची. बाळंतपणांत मिरियमच्या किडन्या बिघडल्या. त्यांची वाढ दहाव्या वर्षीच थांबली होती म्हणे. १९८७ मध्ये इव्हाने आपली एक किडनी तिला दिली. पुढे कॅन्सर निघाला. डॉक्टर विचारत राहिले, लहानपणी टोचलं काय होतं? आमच्या धंद्यात प्रोग्रॅम कोसळला की आधी नोंदी उघडतात. इथे नोंदी मेंगेलेच्या फायलींत, आणि फायली बेपत्ता. ६ जून १९९३ रोजी मिरियम गेली.

शोध मात्र चालूच राहिला. त्यातूनच इव्हा आउशविट्झमधले एक माजी नाझी डॉक्टर हान्स म्युंख यांच्यापर्यंत पोचली. त्यांना जुळ्यांवरच्या प्रयोगांचं काही सांगता येईना, पण गॅस चेंबरबद्दल लेखी साक्ष द्यायला ते तयार झाले. त्यांचे आभार कसे मानावेत या विचारात क्षमापत्र सुचलं, आणि मग क्षमा थेट मेंगेलेपर्यंत गेली. तो तर १९७९ मध्येच मेला होता. २७ जानेवारी १९९५ रोजी तिने आउशविट्झमध्येच ते जाहीर केलं, स्वतःच्या नावाने.

स्वतःच्या नावाने क्षमा करायला कोणाची हरकत असावी? पण ती उपदेश होऊ लागली की इतर जुळ्यांना खुपते, आणि ते योग्यच आहे. दिग्दर्शकांनी त्यांचं म्हणणं प्रामाणिकपणे दाखवलंय. पॅलेस्टिनी शिक्षकांची दुःखं ऐकताना इव्हाची होणारी चुळबुळही कापलेली नाही. माझ्या मते तोच सर्वांत खरा प्रसंग.

मिरियमवर मात्र कॅमेरा थांबत नाही. ती येते, आजारी पडते, कथानक पुढे सरकवून जाते. क्षमेच्या वेळी तिला जाऊन दीड वर्षच झालं होतं. तिला काय वाटलं असतं, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. शेवटी आमच्या सौ.नी विचारलं. माझा धाकटा भाऊ सांगलीला असतो. त्या रात्री मी त्याला उगाचच फोन लावला.

इव्हा ४ जुलै २०१९ रोजी क्राकोमध्ये वारली. नेहमीसारखी लोकांना घेऊन आउशविट्झ दाखवायला गेली होती. दोघींना काय टोचलं होतं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.